अहल्या: चौदा मिनिटं आणि एक पडणारा बाहुला

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर आईला टीव्हीवर 'अहल्या' लावून दिली आणि मी शेजारी बसून स्क्रीनऐवजी तिच्या तोंडाकडेच बघत बसले. मी स्वतः ही शॉर्टफिल्म सहा-सात वेळा तरी पाहिलीय, कुठे काय होणार सगळं पाठ आहे, पण दुसऱ्या कुणाला ती पहिल्यांदा बघताना बघायला मला फार आवडतं, म्हणजे माणूस नेमका कुठे पुढे सरकून बसतो, हातातली सुपारी कातरायची कुठे थांबते, "अगंबाई" कुठे निघतं. तेव्हाच ठरवलं की हिच्यावर एकदा नीट लिहायचं. कमी वेळात, कमी माणसांत सस्पेन्स कसा बांधतात हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांनी ही बघायलाच हवी असं माझं अगदी मनापासून मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुजॉय घोषची बंगाली शॉर्टफिल्म, २०१५ च्या जुलैमध्ये यूट्यूबवर आली, लांबी १४ मिनिटं. सुजॉय घोष म्हणजे 'कहानी'वाला. मुख्य माणसं तीनच, सौमित्र चॅटर्जी, आपली पुण्याची राधिका आपटे आणि टोटा रॉय चौधरी, 'रॉकी और रानी'मध्ये आलियाचे कथ्थक करणारे बाबा झाले होते ना, तेच. फुकट बघता येते, खाली इंग्रजी सबटायटल्स येतात, बंगाली कळलं नाही तरी काही अडत नाही. आता ह्यापुढे मी सगळी गोष्ट उघडी करणार आहे, सस्पेन्सबद्दल बोलायचं तर दुसरा इलाज नाही, त्यामुळे पाहिली नसेल तर आधी चौदा मिनिटं काढा, इअरफोन लावा, खोलीतला दिवा बंद करा आणि मग परत या.

तर गोष्ट अशी. इंद्र सेन नावाचा एक तरुण पोलीस अधिकारी गौतम साधू नावाच्या नामवंत, म्हाताऱ्या कलावंताच्या घरी येतो. अर्जुन नावाचा एक माणूस बेपत्ता आहे, त्याची चौकशी करायचीय. दार उघडते अहल्या. इंद्रला वाटतं ही म्हाताऱ्याची मुलगी असेल, ती निघते बायको. घरात माणसांसारखे हुबेहूब दिसणारे छोटे बाहुले मांडून ठेवलेत, त्यातला एक अगदी त्या बेपत्ता अर्जुनसारखा. म्हातारा सांगतो की काचेखाली ठेवलेला हा दगड जादूचा आहे, हा हातात घेतला की माणसाला जो व्हायचंय तो होता येतं. पोलीस अर्थातच हसतो. मग अहल्येचा मोबाईल वर तिच्या खोलीत नेऊन द्यायचं निमित्त निघतं, म्हातारा म्हणतो दगड घेऊन तुम्हीच जा, बघा खरं की खोटं. तो जातो, आणि परत खाली येतो तो माणूस म्हणून येत नाही.

गौतम, अहल्या, इंद्र ही नावं एकापाठोपाठ कानावर पडली आणि आईने दुसऱ्याच मिनिटाला सांगून टाकलं, "अगं, म्हणजे हा आता घसरणार." बघा, दिग्दर्शकाने शेवट पाटीवर लिहून दिल्यासारखाच दिलाय. सकाळच्या श्लोकात अहल्येचं नाव पहिलं घेणाऱ्या घरातल्या, गीतरामायण ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हे चुकीचं वाटलं होतं, वाटलं की नावं तरी जरा बदलायची, सगळं कळूनच जातंय. पण नंतर लक्षात आलं की सस्पेन्स म्हणजे काय होणार हे लपवणं असं जे आपण धरून चालतो तिथेच आपली गल्लत होते. इंद्र मोहात पडणार हे आपल्याला माहीत आहे आणि त्यालाच माहीत नाही, म्हणून तो जेव्हा जेव्हा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघतो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. आणि शिवाय मूळ गोष्टीत दगड कोण होतं ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे आपण सगळा वेळ काळजी करतो ती अहल्येची. चुकीच्या माणसाची काळजी करायला लावणं हे ह्या फिल्मचं सगळ्यात मोठं कसब आहे. शिक्षा भलत्यालाच होते, म्हणजे खरं तर ज्याला व्हायला हवी होती त्यालाच होते, आणि आपण इतका वेळ भलतीकडेच बघत होतो हे तेव्हा कळतं.

आता तो बाहुला. मी कॉलेजात एकांकिकांना लाइट्स करायचे, तिथे पहिली गोष्ट शिकले ती ही की प्रेक्षकाची नजर तीन गोष्टी ओढून नेतात, उजेड, हालचाल आणि आवाज. एखादी वस्तू लपवायची असेल तर तिच्यावर उजेड टाकायचा नाही, हलवायची नाही, वाजवायची नाही, सरळ हिशोब आहे. बहुतेक थ्रिलरवाले तेच करतात, पुरावा मागे कुठेतरी कोपऱ्यात ठेवतात आणि शेवटी फ्लॅशबॅकमध्ये "बघा, हे इथे होतं" म्हणून दाखवतात. इथे बरोबर उलटं केलंय. इंद्र घरात येतो न येतो तोच मांडलेल्या बाहुल्यांमधला एक पडतो. म्हणजे हालचाल आहे, आवाज आहे, इंद्रचं लक्ष गेलंय, आपलंही गेलंय. सगळी गोष्ट त्या एका पडण्यात सांगून झालेली आहे, आणि तरीही पहिल्यांदा बघताना एकालाही ती कळत नाही.

का कळत नाही? कारण पुढच्याच क्षणी अहल्या तो बाहुला उचलून पुन्हा जागेवर उभा करते. बास, इतकंच. घरात वस्तू पडतात, घरातली बाई ती उचलून ठेवते, त्यात शंका घेण्यासारखं काय आहे, माझ्या घरी फ्रीजवरचा गणपती आठवड्यातून दोनदा तरी पडतो. दचकल्यावर आपलं मन लगेच कारण शोधायला लागतं आणि फिल्म ते कारण लगेच हातात देते, आपणही ते घेऊन मोकळे होतो. शिवाय तो उचलणारी बाई राधिका आपटे आहे, तेव्हा इंद्रची नजर बाहुल्यावरून सरकून तिच्यावर जाते, आपण इंद्रच्याच डोळ्यांनी बघत असतो म्हणून आपलीही जाते. जादूगार ज्या हाताकडे बघायला लावतो त्या हातात कधीच काही नसतं. मी एकदा हा सीन पाच-सहा वेळा मागे नेऊन, पॉज करून करून पाहिला, आणि प्रत्येक वेळी मला मुद्दाम ठरवावं लागलं की आता तिच्याकडे नाही बघायचं, बाहुल्याकडेच बघायचं. सगळं माहीत असूनही डोळा ऐकत नाही.

ह्यात नटांच्या निवडीचाही मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. सौमित्र चॅटर्जी म्हणजे सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'मधला अपू, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रायच्या सिनेमातला फेलूदा, बंगाली माणसाचा लाडका गुप्तहेर. ज्या चेहऱ्याने सत्तरच्या दशकात गुन्हे उकलले तोच चेहरा इथे संशयिताच्या जागी बसवलाय, आणि तो इतका प्रेमळ, इतका गप्पिष्ट आजोबा वाटतो की त्याच्यावर संशय घ्यायचाच विसरतो आपण. २०१५ मध्ये ते ऐंशीचे होते, आवाजात तो थकवा आहे, डोळ्यांत मिश्किलपणा आहे, आणि दोन्हींच्या मधे काहीतरी असं आहे जे नीट बोट ठेवून दाखवता येत नाही. ते २०२० मध्ये गेले, तेव्हा मी आधी ही फिल्म काढून बघितली होती. आणि योगायोग बघा, पुढे टोटा रॉय चौधरीनेही वेब सिरीजमध्ये फेलूदा केला. म्हणजे आज बघताना दोन फेलूदा समोरासमोर बसलेत आणि त्यातला एक दुसऱ्याला हळूहळू जाळ्यात ओढतोय असं दिसतं, २०१५ मध्ये हे कुणाच्या डोक्यातही नसणार.

राय यांच्या एका गोष्टीशी ह्या फिल्मचं नातं तेव्हाही बऱ्याच जणांनी जोडलं होतं. प्रोफेसर शोंकू ह्या त्यांच्या शास्त्रज्ञ नायकाच्या गोष्टींपैकी एकीत नॉर्वेतला एक कलावंत जिवंत माणसांचेच छोटे पुतळे करून ठेवतो. साम्य आहे, नाही कशाला म्हणायचं. पण शोंकूला तिथे बळजबरीने अडकवायला बघतात आणि इथे इंद्रला कुणी हातही लावत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे पडतो.

कारण ह्या घरात प्रत्येक दार तो स्वतः उघडतो. बसा म्हणतात, बसतो. दगड घ्या म्हणतात, घेतो. वर जा म्हणतात, जातो. प्रत्येक ठिकाणी त्याला "नको, मी निघतो" म्हणता आलं असतं आणि फिल्म प्रत्येक ठिकाणी आपल्याला ते म्हणायला जागा ठेवते. तो आलाय पोलीस म्हणून, पण वागवलं जातंय पाहुणा म्हणून, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरात जरा आवरून वागायचं, उलट प्रश्न विचारायचे नाहीत, म्हाताऱ्या माणसाची गंमत मोडायची नाही हे आपल्या सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलंय की त्याच्या जागी मीही तो दगड घेतला असता. चाकू नाही, पिस्तूल नाही, धमकी नाही, नुसता आग्रह आहे. आग्रहाची भीती वाटायला लावणं सोपं नाही.

जिना चढतानाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इथे आपल्या डोक्यात दोन शक्यता एकाच वेळी जिवंत असतात. एक, नवरा-बायको मिळून ह्या पोलिसाची मस्करी करतायत, वर गेल्यावर ती "ह्यांनी तुम्हाला पण पाठवलं का" म्हणून हसणार. दोन, दगड खरा आहे. अहल्या त्याला नवऱ्यासारखं बोलायला लागते तेव्हाही पहिली शक्यता मरत नाही, ती नाटक करत असेल, असं वाटायला अजून जागा असते. इंद्रलाही तसंच वाटतं, चेहऱ्यावर दिसतं. आणि मग आरसा येतो. आरशात इंद्रच्या जागी गौतम साधू.

आरसा हे थ्रिलरमधलं अगदी घासून गुळगुळीत झालेलं हत्यार आहे, कपाट बंद केलं की मागे कुणीतरी उभं, आपण दचकणार, झालं. इथे आरशात मागे कुणीच नाही, जो आहे तो पुढेच आहे, फक्त तो तो नाहीये. आणि करायला किती साधं बघा, आरशाबाहेर एक नट, आरशात दुसरा, मोठाल्या कॉम्प्युटर करामतींची गरजच नाही, एकांकिकेत रिकाम्या चौकटीच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी करून हे आम्हीही केलं असतं. पण त्याआधी ती पहिली शक्यता इतका वेळ जिवंत ठेवलीय, मस्करीचा धागा इतका सांभाळलाय, म्हणून तो एक शॉट पोटात कळ आणतो. हाच आरसा दगडाच्या सीनमध्ये लगेच दाखवला असता तर ती नुसती एक गंमत झाली असती. कुठे दाखवायचं ह्यापेक्षा कधी दाखवायचं हे ज्याला कळलं त्याला सस्पेन्स कळला, असं माझं मत होत चाललंय.

आणि आरसा बघितल्यावरही तो थांबू शकत होता! इथे आई पुन्हा बोलली, "आता तरी जा बाबा खाली." नाही जात. आपणही मनातून तो खाली जाऊ नये असंच म्हणत असतो, पुढे काय होतं ते बघायचं असतं ना. पहिल्या वेळी हे मला अजिबात जाणवलं नव्हतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी जाणवलं आणि जरा लाजच वाटली, की त्याचा मोह आणि माझी उत्सुकता एकाच दिशेने ढकलतायत.

मग शेवट. इंद्र भानावर येतो तर हलता येत नाही. तो ओरडतोय, जीव तोडून ओरडतोय, आणि ते ओरडणं आपल्याला ऐकू येतंय पण घरातल्यांना नाही. इअरफोन लावा म्हटलं ते ह्याच्यासाठी. टीव्हीच्या स्पीकरवर ते खोलीभर पसरतं आणि पातळ होतं, कानात लावलं की ते आपल्याच डोक्याच्या आतून येतंय असं वाटतं, आपणच त्या बाहुल्याच्या आत बसलोय. रक्त नाही, मारामारी नाही, कॅमेऱ्यासमोर एक शांत नीटनेटकं घर आहे आणि फक्त आवाज सांगतोय की इथे काय भयंकर झालंय. चित्र एक सांगतंय आणि आवाज दुसरंच. बंद दाराआडून हाका मारतोय आणि कुणी येत नाही अशी स्वप्नं पडतात ना, तसं.

ह्याच्याशी ताडून बघायला १९६२ ची एक फ्रेंच शॉर्टफिल्म सांगते, रोबेर आंरिकोची, अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सच्या आउल क्रीक पुलावरच्या कथेवरची, २८ मिनिटांची. कान महोत्सवात आणि ऑस्करमध्ये दोन्हीकडे बक्षीस मिळालेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात एका माणसाला पुलावर फाशी देतायत, दोर तुटतो, तो नदीत पडतो, पळतो, बायकोपर्यंत पोचतो, आणि तिथेच कळतं की दोर तुटलाच नव्हता. तिथे संवाद जवळजवळ नाहीतच, पाण्याबाहेर आल्यावर सैनिकांचे आवाज ओढल्यासारखे सावकाश येतात, शेवटी तो धावतोय धावतोय आणि अंतर कमीच होत नाही. ती फिल्म वेळ ताणून आपल्याला फसवते, जे घडतच नाहीये ते घडतंय म्हणून दाखवते, आणि ते करते फार सुंदर. 'अहल्या' फसवत नाही. जे दाखवलं ते सगळं खरंच घडत होतं, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावला. मला हा दुसरा रस्ता जास्त कठीण वाटतो आणि जास्त आवडतो.

खटकलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. दगडाची माहिती देणारा संवाद जरा जास्तच सरळ आहे, म्हातारा जवळजवळ नियमावली वाचून दाखवतो, चौदा मिनिटांत बसवायचं म्हणून केलं असेल पण तिथे क्षणभर लेखक दिसतो. अर्जुनबद्दल आणखी एखादी ओळ हवी होती, त्याला कोण शोधतंय, घरी कोण आहे, म्हणजे त्या बाहुल्याकडे बघताना जास्त तुटलं असतं. आणि अहल्येला स्वतःला काय वाटतं हे जवळजवळ कळतच नाही. ती ह्या सगळ्यात राजीखुशीने आहे की नवऱ्याच्या हातातलं आमिष आहे? काहींना हा दोष वाटतो. मला अर्धाच वाटतो, त्याचं कारण वाल्मीकींच्या मूळ गोष्टीत आहे. आपल्याला शिळा माहीत असते, पण ते शिळा होणं नंतरच्या सांगण्यांमधलं, वाल्मीकींकडे ती कुणाला न दिसता राखेत पडून, नुसत्या वाऱ्यावर जगत राहते. आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की मुनीचा वेष घेऊन आलेला हा इंद्र आहे हे तिने ओळखलं होतं. फसलेली नव्हती ती. फिल्ममधली अहल्याही वरच्या खोलीत त्याच्याशी नवऱ्यासारखं बोलते तेव्हा तिने ओळखलंय हे राधिकाच्या डोळ्यांत आहे असं मला दुसऱ्या वेळेपासून दिसायला लागलं, एक बारीकशी खात्री, जणू हा जिना चढणारा पहिला माणूस नाहीये. पहिल्या वेळी तेच डोळे नुसते लाघवी वाटले होते. एकाच चेहऱ्यात दोन फिल्म्स मावतील असं काम करणं म्हणजे काय असतं ते रंगमंचावर उभं राहिलेल्यांना विचारा.

मोबाईलवर, बसमध्ये, मधे नोटिफिकेशन येत असताना बघू नका एवढीच विनंती. आणि एकदा बघून सोडू नका, लगेच दुसऱ्यांदा लावा, निदान पहिली तीन मिनिटं तरी.

आईने तेच केलं. संपल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "सुरुवात परत लाव." लावली. दार उघडलं, इंद्र आत आला, बाहुला पडला, अहल्येने उचलून ठेवला. "थांब थांब," आई म्हणाली, मी पॉज केलं. ती चष्मा लावून उठून टीव्हीजवळ गेली, त्या बाहुल्यांच्या रांगेकडे बघत राहिली.

"तो ह्याला सांगत होता गं," ती म्हणाली, "आत येऊ नको म्हणून."